केंटनची जागा आता बघू नका

एमे, दोर्दोन्य, फ्रान्स
१४ डिसेंबर २०२५

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आम्ही परत यावं म्हणून तुम्ही लंडनमध्ये, तुमच्या हॅरोजवळ बघितलेल्या केंटनच्या जागेचे फोटो मिळाले. बाग छान आहे, स्टेशन जवळ आहे, आणि तुम्ही स्वतः एजंटाकडे जाऊन किंमतही कमी करून घेतलीत हे वाचून पोटात तुटलं. फोनवर सांगायला घेतलं की आई मागून "जेवलीस का" विचारते आणि सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते आहे. आम्ही इथलं घर विकत घेतलं. गेल्या शुक्रवारी सह्या झाल्या. हॅरोला परत येऊन राहायचं नाही, असं आमचं ठरलं आहे.

आई, इथे थांब, पाणी पी आणि मग पुढचं वाच. रागावलात तरी चालेल, पण पत्र पूर्ण वाचा.

२०१९ मध्ये आलो तेव्हा दोन वर्षांसाठी म्हणूनच आलो होतो, हे खरं आहे. मी तुम्हाला खोटं सांगून निघाले नव्हते. तेव्हा ब्रिटिश पासपोर्ट असला की युरोपियन युनियनमध्ये कुठेही जाऊन राहता येत होतं, काम करता येत होतं. ३१ डिसेंबर २०२० ला ते संपलं. त्याआधीपासून इथे राहत होतो म्हणून ब्रेक्झिटच्या करारात आमचे हक्क टिकले. ते सोडून परत आलो असतो तर पुन्हा यायचं म्हटल्यावर व्हिसा, उत्पन्नाचे दाखले, सगळं पहिल्यापासून. मुलांची शाळा इथे रुळली आहे. थोरला आता फ्रेंचमध्येच विचार करतो, आणि चिमीला हॅरोचं घर म्हणजे आजी-आजोबांचं सुट्टीतलं घर एवढंच ठाऊक आहे.

आता एक गोष्ट, जी मी तुम्हाला मुद्दाम कधी बोलले नाही. पहिल्या पाच वर्षांत वर्षाला सहा महिन्यांहून जास्त फ्रान्सबाहेर राहिलं की हक्क धोक्यात येतो. बाबा, तुमची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी तुमच्या उशाशी बसून मनातल्या मनात तारखा मोजत होते. तुम्ही म्हणालात, "आता जा, मुलं वाट बघत असतील," आणि मी निघाले. आता मला कायमच्या वास्तव्याचं, दहा वर्षांचं कार्ड मिळालं आहे. ते पुढे नवं करून मिळतं, आणि सलग पाच वर्षं बाहेर राहिलं तरच हक्क जातो. म्हणजे उद्या तुम्हा दोघांपैकी कुणाला नुसता ताप आला तरी मी येऊन महिनोन्महिने राहू शकते. कागदावर मी इथली कायमची झाले, पण तुमच्याकडे येऊन राहायला मी याआधी इतकी मोकळी कधीच नव्हते. दादाला हे पटलं आहे. तुम्हालाही पटेल अशी आशा आहे.

बाबा, पैशाचं तुम्ही विचारणारच. जुन्या घराला किमतीवर सात-आठ टक्के खर्च वर येतो, त्यातला बराचसा सरकारी कर. व्यवहार नोतेर बघतो. तो सरकारनं नेमलेला कायदेतज्ज्ञ असतो, त्यामुळे कागदांत गडबड व्हायची भीती नाही. पहिल्या करारानंतर विचार बदलायला दहा दिवस मिळतात. त्या दहा दिवसांत मी रोज रात्री तुमच्या नजरेनं हिशेब तपासला. राहत्या घरावरचा एक कर २०२३ पासून बंद झाला, दुसरा, मालकाचा, दर शरद ऋतूत भरावा लागतो. तुम्ही माझ्या नावानं उघडून दिलेला आयसा, म्हणजे तिकडचं करमुक्त बचत खातं, इथे करमुक्त धरत नाहीत, तेवढं एक वाईट वाटलं. माझ्या कामाची मिळकत दर तिमाहीला ऑनलाइन कळवते, त्यावरच विम्याची वर्गणी कापली जाते. कर्ज फार नाही. जावई सांभाळून आहेत.

आई, तुला घराबद्दल ऐकायचं असेल. दगडी आहे, भिंती हातभर जाड. उन्हाळ्यात आत गार असतं, आणि थंडीत लाकडाची शेगडी पेटली की स्वयंपाकघर संध्याकाळपर्यंत ऊबदार राहतं. धुराडं वर्षातून एकदा साफ करून घ्यावं लागतं आणि त्याचा दाखला विम्यासाठी जपून ठेवते. इथे पाइपातून गॅस येत नाही. आपल्या साताऱ्याच्या घरासारखा सिलिंडर आहे, संपला की सुपरमार्केटमधून बदलून आणायचा. खालची खोली तुमची. जिना चढायला नको. न्हाणीघराला उंबरठा ठेवला नाही, धरायला दोन दांडे बसवलेत, आणि गरम पाण्याची रबरी पिशवी उशाखाली तयार आहे. लहानपणी तू माझ्या पांघरुणात पिशवी आधी घालून ठेवायचीस आणि मी आल्यावर पाय कुठे ठेवायचे ते सांगायचीस. अजून थंडीत पाय त्याच जागी जातात गं.

खाण्याची काळजी करू नकोस. पहिल्या वर्षी आपल्या चहाला चव येईना, मग लक्षात आलं की दुकानात बाहेर रचलेलं दूध फार तापवून टिकवलेलं असतं. आता फ्रिजमधलं ताजं घेते. तुमच्याकडे साईचं दूध निळ्या झाकणाचं, इथे लाल झाकणाचं. निळं म्हणजे अर्धी साय काढलेलं. लाल आणलं की तुझ्यासारखं दही लागतं. पिठाच्या पिशवीवर आकडा असतो, तो जितका मोठा तितका कोंडा जास्त. पोळ्यांना मी ११० चं घेते, मऊ राहतात. तूरडाळ आणि पोहे पॅरिसहून मागवते, पण प्युई गावाकडच्या बारीक हिरव्या मसुराची आमटी एवढी सुरेख होते की थोरला तीच मागतो. दर गुरुवारी चौकात बाजार भरतो. हे गाव १२७० साली वसवलेलं, चौकाभोवती कमानी आहेत, त्यामुळे पाऊस असला तरी भिजायला होत नाही. तिथे कोथिंबीर मिळते, अक्रोड मिळतात, आणि भाजीवाली बाई "तुझी आई कशी आहे" असं विचारते. तिला तुझा फोटो दाखवला आहे.

एक गोष्ट दोघांनाही आवडेल. इथल्या कायद्यात बाईचं नाव लग्नानंतरही जन्माच्या दाखल्यावरचंच राहतं, नवऱ्याचं फक्त वापरायची मुभा असते. त्यामुळे दवाखान्यात मला माहेरच्या आडनावानं हाक मारतात. मधलं नाव म्हणजे माझंच दुसरं नाव समजून तेही छापतात. बाबा, माझ्या आरोग्य-विम्याच्या कागदांवर तुमचं नाव आहे. दर वेळी ते वाचून बरं वाटतं.

दवाखान्याचं मात्र खरं सांगते, लपवत नाही. गावातले डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. गावाकडच्या फ्रान्समध्ये ही मोठीच अडचण आहे. नवा डॉक्टर मिळेपर्यंत बरेच महिने गेले, आणि आता त्यांच्याकडे गाडीनं जावं लागतं. पण मिळाल्यावर माणूस वीस मिनिटं नीट बसून ऐकतो. भेटीचे ३० युरो आधी द्यायचे, आरोग्य-विम्याचं कार्ड यंत्रात घातलं की काही दिवसांत बरेचसे परत येतात, उरलेलं जवळपास सगळं पूरक विमा देतो. मोठ्या आजारासाठी बेर्जराकला हॉस्पिटल आहे, त्याहून मोठं बोर्दोला.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. करारात आमच्यासारख्यांना आई-वडिलांना कायमचं इथे आणायची सोय ठेवली आहे. मी ती नीट वाचली. तिच्यात अट अशी की आई-वडील मुलांवर अवलंबून आहेत हे कागदोपत्री दाखवायचं. बाबा, तुम्ही नोकरीला लागल्यापासून आत्याची, काकांची, सगळ्यांची शिक्षणं केलीत. तुमच्या नावापुढे असं काही मी माझ्या हातानं लिहिणार नाही, तुम्ही स्वतः सांगितल्याशिवाय तर नाहीच. पण दार आहे एवढं माहीत असू द्या. तुम्हा दोघांना ब्रिटिश सरकारी पेन्शन आहे, तेव्हा इथे राहायला आलात तर तुमच्या उपचारांचा खर्च एस-वन नावाच्या फॉर्मवर ब्रिटन उचलतं, आणि पेन्शन दरवर्षी वाढतही राहते. घाई काहीच नाही. तुमचे मित्र तिथे आहेत, डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ तिथे आहे. तिथल्या गणपतीत मी तुमच्या कोटात गुंडाळून झोपायचे आणि आरतीला तुम्ही उचलून उभं करायचात. ते सोडून या, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

तुम्हीही आजीला सोडून विमानात बसला होतात. हे टोचायला म्हणत नाही बाबा, देवाशपथ. तुम्ही मला रविवारी टेबलाशी बसवून आजीला पत्र लिहायला लावायचात, चार ओळी तरी, म्हणून आज हे पत्र मराठीत लिहिता येतंय. आजीनं तुम्हाला कधी दोष दिला नाही. मलाही देऊ नका, एवढंच मागते.

आता यायचं. एप्रिलच्या मध्याला या आणि जूनअखेर परत जा. ब्रिटिश पासपोर्टवर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, त्यात हे बसतं. जुलै-ऑगस्ट नकोच. २००३ च्या उन्हाळ्यात या देशात सुमारे पंधरा हजार माणसं उष्म्यानं गेली, बहुतेक म्हातारी. तेव्हापासून गावची नगरपालिका एकट्या वृद्धांची यादी ठेवते आणि उन्हाच्या लाटेत फोन करून विचारपूस करते. चांगली पद्धत आहे, पण तुम्हाला त्या उन्हात मी आणणार नाही.

बाबा, आजच पासपोर्ट काढून बघा. येण्याच्या दिवशी तो दिल्याला दहा वर्षांहून कमी झालेली असली पाहिजेत आणि परत जाण्याच्या तारखेनंतर तीन महिने तरी मुदत हवी. ऑक्टोबरपासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे. उभं राहावं लागेल, आधीच खुर्ची मागा, लाजू नका. विमान स्टॅन्स्टेडहून बेर्जराकला येतं, तेच बरं, मी न्यायला येईन. आईला विमान नको असेल तर युरोस्टारनं पॅरिसला या, पण तिथून दुसऱ्या स्टेशनला मेट्रोनं जायचं नाही. जिने फार आहेत. टॅक्सी करा आणि पैसे माझे. तुम्ही माझ्या घरी राहणार हे दाखवणारा कागद मी इथल्या नगरपालिकेतून करून पाठवते. तो हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको.

औषधं ९० दिवसांची आणि वर दोन आठवड्यांची जास्त घ्या, सोबत चिठ्ठी, तिच्यावर औषधाचं मूळ नाव हवं, कंपनीचं नको. इथे साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा सुपरमार्केटात मिळत नाही, हिरव्या क्रॉसच्या फार्मसीतच जावं लागतं. इथे सरकारी दवाखान्यात उपचार घ्यायला लागणारं ग्लोबल हेल्थ कार्ड एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, साइटवर फुकट मिळतं, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. त्याशिवाय प्रवासाचा विमा हवाच, हृदयाचं सगळं खरं लिहून. लपवून स्वस्तात घेऊ नका.

आई, तूप आणू नकोस. दूध-दुभत्याचं काही आणायला बंदी आहे, सीमेवर काढून टाकतात आणि तुला वाईट वाटेल. ताजा कढीपत्ताही चालत नाही. नारळ मात्र चालतो. गोडा मसाला, मेतकूट, पापड, हवे तेवढे आण. पार्सल करू नकोस, ४५ युरोंच्या वरच्या भेटीवर कर लागतो आणि डबा आठवडाभर अडकून पडतो.

गावात ब्रिटिश लोक खूप आहेत, क्रिकेटचा क्लबसुद्धा आहे. बाबा, संध्याकाळी तुम्हाला तिथे सोडेन. दुपारी बारा ते दोन दुकानं बंद असतात, तेव्हा तुमची वामकुक्षी. दुकानात शिरताना आधी "बोंजूर" म्हणायचं, मग काय हवं ते. एवढं आलं की बाकी मी आहे.

रोज रात्री आठला फोन करते, तो चुकवू नका. बाबांनी सकाळची गोळी घेतली का ते आई, तूच बघ, त्यांच्या शब्दावर जाऊ नकोस.

तुमची,
बबडी

ता. क. मंगळवारी दहा वाजता तुमच्याकडे सुतार येईल, जिन्याच्या दुसऱ्या बाजूला कठडा बसवायला. पैसे दिले आहेत. "आम्हाला गरज नाही" म्हणून त्याला दारातून परत पाठवू नका.