सायप्रसचा 'नाही' अर्धाच सांगितला

संपादक महोदय,

युरोपीय संघातल्या छोट्या देशांचा व्हेटो काढून घ्या, असं सांगणारा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला, पण त्यात सायप्रसचं उदाहरण अर्धंच दिलंय. २०२० मध्ये बेलारूसवरचे निर्बंध सायप्रसने अडवून धरले हे खरं, पण बेलारूसशी त्यांचं काही वाकडं नव्हतं, तुर्कस्तानचं 'यावूझ' हे ड्रिलिंगचं जहाज तेव्हा सायप्रसच्या समुद्रात गॅस शोधत होतं आणि संघ दोन तुर्की अधिकाऱ्यांवर निर्बंध टाकून गप्प बसला होता. १९७४ पासून बेटाचा उत्तर भाग तुर्की सैन्याच्या ताब्यात आहे, मग नाक दाबल्याशिवाय तोंड कसं उघडणार? शेवटी २ ऑक्टोबरला बेलारूसच्या ४० जणांवर निर्बंध लागलेच (गंमत म्हणजे त्या यादीत खुद्द राष्ट्राध्यक्ष लुकाशेंको नव्हते!). आणि २००८ मध्ये, सर्बियातून फुटून निघालेल्या कोसोवोत पोलीस-न्यायव्यवस्थेच्या मदतीसाठी नेमलेल्या युरोपीय मिशनच्या वेळी, कोसोवोला मान्यता द्यायची नसतानाही सायप्रसने व्हेटो न वापरता स्वतः बाजूला राहून बाकीच्यांची वाट मोकळी केली, तशी सोय संघाच्या करारातच आहे, तिचा मात्र लेखात साधा उल्लेखही नाही.

– एक वाचक, सांगली