कार्ड दिलं होतं गं त्याने

अगं ए,

तीन महिने तुझ्या मेसेजला उत्तर नाही, माहितीये. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. पाठ दुखते, दिवसभर जमिनीवर बसल्यावर दुसरं काय होणार.

माझ्याकडे थेरपीला सहा वर्षांचा एक मुलगा आहे, बोलत नाही, काम नकोसं झालं की हात चावतो. फंक्शन एस्केप, म्हणजे चावतो ते कामातून सुटायला, शंकाच नाही. म्हणून चावण्याऐवजी 'थांबूया' सांगायला ब्रेकचं कार्ड द्यायचं, हे शिकवत होते, आधी त्याचा हात धरून, मग नुसतं कोपराला स्पर्श करून, मग गप्प वाट बघत. घरच्यांना तर पढवून ठेवलंय की कार्ड दिलं की काम तिथल्या तिथे बंद, सुरुवातीला दरवेळी, 'एवढं कर मग' अजिबात नाही. आणि मंगळवारी त्याने कुणी न सुचवता आपणहून कार्ड उचललं, माझ्या मांडीवर ठेवलं. मी काय म्हणाले असेन? "दोनच राहिलेत, संपवूया." सरावाच्या दहा फेऱ्यांतल्या, ट्रायलमधल्या, दोन बाकी ना, डेटाशीट अर्धी कशी सोडायची! सरळ हात तोंडात. दात उमटले. आई दारातच होती, काही बोलली नाही.

तेव्हा तूच आठवलीस. होस्टेलच्या गच्चीवर ऑटिस्टिक मुलांच्या थेरपीवरच्या 1987 च्या लोवासच्या पेपरवरून भांडलेलो, मी 19 पैकी 9 मुलं नेहमीच्या शाळेत इतरांसारखी शिकायला लागली, 19 पैकी 9 मुलं करत नाचत होते आणि तू एकच धरून बसलेलीस, त्या मुलांना नको म्हणायची सोय होती का? मी तुला ड्रामेबाज म्हटलं. (त्यानंतर तू दोन दिवस नोट्स दिल्या नाहीस, तेही आठवतंय.)

एबीसी शीटवर (आधी काय, वागणं काय, नंतर काय, असा तक्ता) आधी काय घडलं या रकान्यात मी लिहिलं, 'थेरपिस्टने कार्ड नाकारलं.' सुपरवायझर म्हणे 'डिमांड चालू ठेवली', म्हणजे काम सांगत राहिले, असं लिही. खोडलं नाही मी.

पुढची दोन सेशन त्याने कार्डाला बोट लावलं नाही. परत हात धरण्यापासून सुरू केलंय, दहा सेकंद काम, कार्ड, ब्रेक. आज त्याने ते जरासं माझ्याकडे सरकवलं, तर मी एवढ्या घाईने सामान उचललं की ठोकळे खोलीभर, आणि तो बिचारा कान झाकून बसला.

तुझी नवी नोकरी कशीये? काकूंचं ऑपरेशन नीट झालं ना? रविवारी फोन करते. नोट्सचा विषय काढणार नाही. बहुतेक.

तुझीच,
डेटाशीटवाली