मावशीच्या गोळीविषयी

राजेंद्रनगर, इंदूर

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

मावशीच्या फुप्फुसातील कर्करोगाची गाठ पुन्हा वाढू लागल्याचे कळताच तू फोनवर म्हणालास, की दीड वर्ष गुण देणारी ऑसिमर्टिनिब एकाएकी निरुपयोगी ठरते, त्याअर्थी गोळी तरी बनावट असावी किंवा मावशीने ती नेमाने घेतली नसावी. हे दोन्ही तर्क मला पटत नाहीत. फ्लॉरा या रुग्णांवरील औषधचाचणीतही या गोळीवर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ १८.९ महिने होता, जुन्या गोळ्यांवर तो १०.२ महिने होता.

मावशीच्या गाठीत ईजीएफआर हे प्रथिन बिघडल्यामुळे पेशींना वाढीचा संदेश अखंड मिळत होता आणि गोळी तोच अडवत होती. परंतु कोट्यवधी पेशींच्या गाठीत सगळ्या पेशी सारख्या नसतात. औषधातूनही ज्या तगतात त्यांचीच प्रजा पुढे वाढते, जसे माळव्यात दरवर्षी एकच तणनाशक फवारले की सोयाबीनमध्ये त्याला न जुमानणारे तणच माजते.

जेफिटिनिबसारख्या जुन्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या गाठींपैकी निम्म्याहून अधिक गाठींत या प्रथिनाच्या ७९०व्या जागी थ्रिओनीन या अमिनो आम्लाऐवजी, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतील एका दुव्याऐवजी, मेथिओनीन हे दुसरे आलेले आढळे. त्यावर उपाय म्हणून घडवलेल्या ऑसिमर्टिनिबला २०१५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. ती ७९७व्या जागेवरील सिस्टीनला कायमची जखडते. तेथे सेरीन आले, की तिला तसे जखडता येत नाही. काही वेळा ईजीएफआर बंदच राहते, पण मेट जनुकाच्या प्रती वाढून तोच संदेश दुसऱ्या वाटेने पेशीत पोहोचतो. सर्वांत विलक्षण प्रकार म्हणजे मूळ गाठीचेच लघुपेशी या फुप्फुसाच्या वेगळ्या प्रकारच्या कर्करोगात रूपांतर होणे. तो थोड्याच रुग्णांत दिसतो, पण त्याची केमोथेरपी अगदी निराळी असते.

यांपैकी काय घडले आहे हे ठरल्यावाचून पुढचे औषध निवडणे म्हणजे अंदाजाने चालणे होय, म्हणून डॉक्टर पुन्हा बायोप्सी सुचवत आहेत. रक्तातील डीएनएची तपासणी सोपी खरी, पण तिच्यात काही सापडले नाही म्हणून बदल झालाच नाही असे ठरत नाही, आणि रूपांतर तर ऊतीचा तुकडा पाहिल्याशिवाय खात्रीने कळत नाही. अहवाल येईपर्यंत गोळी चालू ठेवण्यास त्यांनी सांगितले आहे.

पहिल्या बायोप्सीचा अहवाल तुझ्याकडे आहे. तुलनेसाठी तो हवा असल्याने आजच पाठव. मावशीला फोनही कर, मात्र गोळी वेळेवर घेत होतीस का, असे तिला विचारू नकोस.

तुझी,
आई