पान सापडेपर्यंत थांबलेल्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

गेल्या शनिवारी वाचनालयातल्या तुमच्या वाचनतासाहून परतताना माझी मुलगी स्कूटरवर माझ्या पाठीमागे बसून डिचोलीच्या बाजारापासून आमच्या अंगणापर्यंत अखंड बोलत होती. रेनकोटाच्या टोपीमुळे मला तिचे निम्मे बोलणे ऐकू आले नाही, पण ती बुजगावण्याविषयी आणि सिंहाविषयी बोलत होती एवढे नक्की कळले. पुस्तकाविषयी ती स्वतःहून बोलायला लागल्याला वर्ष उलटून गेले होते. त्या दिवशी तुमचे आभार तुमच्यासमोरच मानायला हवे होते. परंतु माझा गळा दाटून आला होता आणि मी नुसती मान हलवून निघालो. म्हणून हे पत्र, आणि ते सर्वांना वाचता येईल असे लिहितो आहे.

आमच्या घरी कोकणी बोलली जाते. मुलगी चौथीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि गोव्यातल्या असंख्य मुलांप्रमाणे पाचवीत इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसली. इंग्रजी सुधारावे म्हणून आम्ही तिला एका शिकवणीला घातले. तिथे एल. फ्रँक बॉम यांची १९०० साली प्रसिद्ध झालेली 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ' ही कादंबरी वाचायला दिली होती. तीत डोरोथी ही मुलगी, मेंदू नाही म्हणणारे बुजगावणे, हृदय नाही म्हणणारा टिनचा लाकूडतोड्या आणि भित्रा सिंह जादूगाराला भेटायला पाचूच्या नगरीकडे निघतात. तिथे शिकवणीत प्रत्येक प्रकरणानंतर प्रश्नांचा एक झेरॉक्स कागद येत असे. 'बुजगावण्याकडे काय नव्हते?' या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर एका शब्दाचे होते: मेंदू. माझ्या मुलीने लिहिले, 'ही थिंक नो ब्रेन, बट ही हॅज.' त्या ओळीवर लाल रेघ ओढली गेली, शून्य गुण मिळाले आणि खाली शेरा आला की मुलीला धडा समजलेला नाही. पुढे मला बोलावून सांगण्यात आले की तिचे आकलन कच्चे आहे आणि घरात कोकणी बोलणे बंद केल्याशिवाय ते सुधारणार नाही. मी त्या शेऱ्याखाली सही केली. बाई, ती सही मला अजून टोचते, कारण सही करण्यापूर्वी मुलीने काय लिहिले होते ते मी धड वाचलेही नव्हते.

त्यानंतर तिने उत्तरे पाठ करायला सुरुवात केली. गुण वाढले, आणि पुस्तक मात्र दप्तरातून बाहेर येईनासे झाले.

तुमच्या शनिवारच्या वाचनतासाला मी तिला जवळजवळ ओढतच आणले होते. तुम्ही मुलांना पहिल्यांदा डोरोथीच्या जादूच्या बुटांचा रंग विचारलात. बहुतेकांनी लाल सांगितला, कारण १९३९च्या चित्रपटात ते माणकांचे आहेत. पुस्तकात ते चांदीचे आहेत. कोणी पुस्तक वाचले आणि कोणी केवळ चित्रपट पाहिला, हे एवढ्या साध्या प्रश्नातून कळते, आणि लाल म्हणणाऱ्या एकाही मुलाला तुम्ही खाली पाहायला लावले नाही. मग तुम्ही बुजगावण्याकडे काय नव्हते हा तोच प्रश्न विचारलात, ज्याची मला धास्ती होती. मुलगी बराच वेळ गप्प राहिली आणि शेवटी पुटपुटली, 'ताका मेंदू ना अशें तो म्हणटा, पूण युक्ती तर तोच सोदून काडटा.' आपण कोकणीत बोलून गेलो हे लक्षात येताच तिने ओठ दाबून धरले. पुढे काय होणार ते मला ठाऊक आहे असे मला वाटले.

तुम्ही हातातले पेन बाजूला ठेवलेत, तुमच्यासमोरचे पुस्तक फिरवून तिच्याकडे केलेत आणि म्हणालात, 'कुठे दिसले तुला हे? मला पान दाखव.'

एवढेच. त्यानंतर तुम्ही थांबलात. ती पाने चाळत होती, पुढे जात होती, मागे येत होती. कौलांवर पाऊस वाजत होता, एका मुलाने उत्तर सांगायला तोंड उघडले तेव्हा तुम्ही त्याला हातानेच थांबवलेत, आणि तिला मदतीचा एक शब्दही दिला नाहीत. ती तीन-चार मिनिटे असतील. मला ती फार लांब वाटली. सातव्या प्रकरणात ती थांबली. तिथे दुसरी दरी आडवी येते आणि बुजगावणे सुचवते की काठावरचे झाड लाकूडतोड्याने तोडून पलीकडे पाडले तर त्यावरून चालत जाता येईल. त्यावर सिंह म्हणतो की तुझ्या डोक्यात पेंढ्याऐवजी मेंदूच असावा अशी शंका येते. मुलीने ती ओळ इंग्रजीत वाचली, एकदा अडखळली, पण शेवटपर्यंत वाचली. तुम्ही स्वतःच्या वहीत तिचे उत्तर तिच्याच कोकणी शब्दांत उतरवून घेतलेत आणि पुढे प्रकरणाचा आकडा लिहिलात.

घरी आल्यावर मी ते पुस्तक स्वतः वाचायला घेतले. दरीवर पाडलेले झाड असो वा नदी ओलांडण्याचा तराफा, युक्ती खरोखरच बुजगावण्याची असते. आपल्याला हृदय नाही म्हणणारा टिनचा लाकूडतोड्या पायाखाली एक किडा चिरडला म्हणून इतका रडतो की आसवांनी त्याचा जबडा गंजून जातो. हे सगळे लेखक त्या प्रसंगांत सरळ सांगत नाही. ठिकठिकाणच्या प्रसंगांतून वाचणाऱ्याने ते जोडून घ्यायचे असते. अकरा वर्षांच्या मुलीने ते परक्या भाषेत जोडून घेतले होते आणि आम्ही मोठ्यांनी तिला कच्ची ठरवले. समजले एका भाषेत आणि सांगता आले दुसऱ्या भाषेत, तर समजणे खोटे कसे ठरते, याचे उत्तर त्या शिकवणीतल्या कोणीतरी मला द्यावे असे आजही वाटते.

टोपली घेऊन चढणाऱ्या म्हातारीसाठी बस थांबवून धरणारा कंडक्टर, अर्ज चुकला तर नवा कागद पुढे करून शेजारी बसवून घेणारा कारकून, अशी माणसे आपल्याकडे अजून आहेत, आणि त्यांचा सगळा चांगुलपणा त्या दोन-चार मिनिटांत असतो. माझ्या मुलीला ती मिनिटे वर्गात मिळाली नव्हती. खरे सांगायचे तर माझ्याकडूनही मिळाली नव्हती.

आता ती पाचूच्या नगरीपर्यंत पोहोचली आहे. तिथे प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवून त्याला कुलूप लावतात, आणि नगरी एरवी इतर शहरांपेक्षा जास्त हिरवी नाही हे पुष्कळ पुढे उघड होते. काल रात्री जेवताना तिने मला विचारले, 'बाबा, दारावरच्या रखवालदारानेही शेवटी स्वतःचा चष्मा लावला, मग त्याला खरे ठाऊक होते की नव्हते?' मी पान दाखव म्हटले. तिने लगेच उठून दाखवले, पण उत्तर मला देता आले नाही. येत्या शनिवारी ती तुम्हाला विचारणार आहे.

आपला ऋणी,
एक पालक, डिचोली