वजिराच्या थडग्यावर अन्याय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला इजिप्तमधल्या लक्सरवरचा लेख आवडला, पण तो राजांच्या खोऱ्यातच, म्हणजे राजांच्या थडग्यांपाशीच संपला. अधिकाऱ्यांच्या थडग्यांत पाहण्यासारखं फारसं काही नाही, असं लेखकाने एका वाक्यात उरकलंय. त्याला माझी हरकत आहे. महसूल खात्यात जन्म गेल्यामुळे असेल, मी तिथे सगळ्यात जास्त रमलो तो रेखमिरेकडे.

शेख अब्द अल-कुर्नाच्या टेकडीतलं १०० नंबरचं थडगं त्याचं. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातला हा तिसऱ्या थुटमोस राजाचा वजीर. आधीचा वजीर त्याचा काकाच (घराणेशाही आपलाच शोध नव्हे!). आत जाऊ तसं छत उंच होत जातं आणि वरच्या ओळी बघताना मान अवघडते. भिंतींवरच्या चित्रांत नुबिया (इजिप्तच्या दक्षिणेचा मुलूख), सीरिया, क्रीटहून आलेले नजराणे आहेत, जिराफाच्या मानेवर चढणारं माकडही आहे. मी मात्र विटा पाडण्याच्या चित्रापाशी रेंगाळलो. कुणी तळ्यातून पाणी भरतोय, कुणी चिखल कालवतोय, एक जण लाकडी साच्याने ओल्या विटा ओळीत पाडतोय, वाळलेल्या विटा कावडीने चालल्यात. राबणारे युद्धकैदी. मुकादम छडी घेऊन बसलेला.

नेमणुकीच्या वेळी राजाने वजिराला केलेला उपदेशही भिंतीवर कोरलेला आहे. वजिरी गोड नसते, पित्तासारखी कडू असते, असं तो बजावतो. अर्जदाराचं ऐकून घे, अर्ज फेटाळलास तर कारण सांग. कारण काम होण्यापेक्षाही आपलं म्हणणं कुणी ऐकावं, हेच त्याला हवं असतं. आमच्या कचेरीच्या भिंतीवर हे असतं तर निम्म्या तक्रारी आल्याच नसत्या. पुढे खेती नावाच्या जुन्या वजिराची गोष्ट येते. नातलगांना झुकतं माप दिल्याचा ठपका नको, म्हणून तो त्यांच्याच विरोधात निकाल द्यायचा. हाही न्याय नव्हे, असं राजा सुनावतो. चौकशीचा धाक घेतलेले असे खेती मी नोकरीत पाहिलेत.

रेखमिरेची स्वतःची चित्रं मात्र कुणीतरी मुद्दाम खरवडून काढलीत. विटा पाडणारे जागेवर, साहेब गायब.

तिकीट वेगळं काढावं लागतं, एवढं तरी पुढच्या लेखात छापावं. आणि टॉर्च न्यायला सांगावं.

– एक निवृत्त अव्वल कारकून, सातारा