पोरींनी पळायचं तर कारण लागतं

सुमे,

तुझा तो एवढा मोठा व्हॉइस मेसेज ऐकला, बसमधे होते म्हणून उत्तर दिलं नाही आणि टाइप करायला बसले तर हे पत्रच होणार दिसतंय. तर पिंकीने नववीत जाताच बास्केटबॉल सोडलं, तू चिडलीयस आणि सासूबाई खूश, "बरं झालं, काळी पडत होती."

अगं इथे साताऱ्यात शाहू स्टेडियमवर पहाटे येऊन बघ एकदा. माण, खटाव, कोरेगावकडच्या पोरी भाड्याच्या खोल्या घेऊन राहिल्यात, पोलीस भरतीसाठी. ८०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. अंधारात बाप स्वतः बाइकवर आणून सोडतो. ह्याच बापाने आठवीत तिची कबड्डी बंद केलेली असते, पोरगी मोठी झाली, लोक काय म्हणतील म्हणून. आता लोक काही म्हणत नाहीत कारण पुढे वर्दी दिसतेय. ललिता बाबरचं नाव तर आमच्याकडे घराघरात, माणमधल्या मोही गावची पोर, २०१६ ला रिओमधे ३००० मीटर स्टीपलचेसची फायनल पळाली, दहावी आली, पण ह्या पोरींच्या आईबापांना विचार, त्यांना ती सरकारी अधिकारी झाली एवढंच पक्कं माहितीये.

म्हणजे नोकरीसाठी पळा, दहावीच्या क्रीडा गुणांसाठी खेळा, लग्न ठरलं की वजन उतरवायला जिमही चालेल, नुसतं मजा येते म्हणून नाही! आणि भरती झाली किंवा लग्न लागलं की ते बूट माळ्यावर. मला याचाच जास्त राग येतो, सरळ नाही म्हणणाऱ्या आईबापांपेक्षाही.

आयांचं ठरलेलं वाक्य, घरात काम केलं की होतो व्यायाम. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमधे २०२४ ला आकडे आले होते बघ, भारतात ५७ टक्के बायकांची हालचाल पुरेशी नाही, पुरुषांमधे ४२. दिवसभर ओट्यापाशी उभ्या बाईला हे सांगायला गेलीस तर लाटणं फेकून मारेल, आणि तिचं चूक पण नाही, दमते ती, फक्त दम लागत नाही तिला. पिंकीच्या वयाला तर रोज ६० मिनिटं सांगतात, घाम येईल असं.

पण सुमे, तू "आळशी झालीये, मोबाइल मोबाइल" म्हणतेस ना, ते मला पटत नाही. तिला नीट विचारलंस का? त्यांच्या ग्राउंडवर पॅड बदलायला जागा आहे का, बाथरूमला कडी आहे का, पाणी येतं का. सर शॉर्ट्सच घाला म्हणतात का, कडेला उभी राहून मुलं काही बोलतात का. उड्या मारताना छातीला त्रास होतो हे ती तुला आपणहून सांगणार नाहीये, आपण तरी सांगितलं होतं का कुणाला? मी सहावीपासून ओढणी पिनअप करून खोखो खेळलेय आणि खांब सोडून पळताना सगळं लक्ष त्या पिनेवर.

तर दिवाळीत तिला इकडे पाठव. यवतेश्वरच्या घाटात चालू आम्ही दोघी, घड्याळबिड्याळ काही नाही, वर जाऊन कणीस खायचं. आणि तिला विचारून स्पोर्ट्स ब्राची साइज कळव, इथे एक बरं दुकान सापडलंय, मी घेऊन ठेवते. सासूबाईंना सांग मावशीकडे फराळाला चाललीये.

तुझीच,
मंजू