ती चौकट अजून भिंतीवर लावू नकोस

सातारा, रविवार

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, की विहीणबाईंच्या सत्तरीसाठी मी काढून दिलेली वंशावळ तू चांगल्या कागदावर छापून चौकटीत बसवून घेतलीस. मी नुसतं 'छान' म्हणालो आणि फोन आईकडे दिला. तेव्हाच सांगायला हवं होतं. ती वंशावळ चुकली आहे. खालचे सगळे चौकोन बरोबर आहेत. सगळ्यात वर मी जो माणूस बसवला, अमेरिकन क्रांतियुद्धात लढलेला शिपाई, तो तुझ्या सासरच्यांचा पूर्वज आहे असं म्हणायला माझ्याकडे कागद नाही. नाही असं म्हणायला मात्र दोन आहेत.

आधी हे कर: त्या 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' संस्थेच्या (क्रांतियुद्धाला हातभार लावलेल्यांच्या वंशातल्या बायकांची संस्था) सभासदत्वाचा अर्ज विहीणबाईंनी अजून पाठवला नसेल तर थांबव. तिथे प्रत्येक पिढीचा दुवा कागदाने जोडून दाखवावा लागतो. माझ्या वरच्या दुव्यावर ते बोट ठेवतील, आणि शरम त्यांच्या वाट्याला येईल, माझ्या नाही.

आता चुकलं कसं ते सांगतो. पस्तीस वर्षं मोजणी ऑफिसात काढलेल्या माणसाने ही चूक करावी, हे मलाच पचलेलं नाही.

तिकडची पहिली शिरगणती 1790 ची. तेव्हापासून 1840 पर्यंत प्रत्येक घरातलं एकच नाव लिहीत, कुटुंबप्रमुखाचं. बाकीची माणसं म्हणजे वयाच्या रकान्यांतले आकडे. आपले ओहायोचे आजोबा, म्हणजे विहीणबाईंचे खापरपणजोबा (नाव तुला माहीत आहे, आणि ते तिकडचं पाटील-शिंदे आहे हीच तर गोची) 1820 मध्ये 26 ते 45 च्या रकान्यात एक आकडा आहेत. 1830 मध्ये 40 ते 50, 1840 मध्ये 50 ते 60. तिन्ही रकाने एकावर एक ठेवले की जन्म 1780 ते 1790 च्या मधे येऊन पडतो. हे काम मला फार आवडलं. जुन्या टिपणावरून शेतातला हरवलेला दगड शोधण्यासारखंच. दोन-तीन बाजूंनी मापं जुळवली की कुदळ कुठे मारायची ते कळतं.

1850 पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय आणि जन्मस्थळ लिहायला लागले. 'स्वतंत्र' हा शब्द नीट वाच. गुलामांचा तक्ता वेगळा होता. त्यात मालकाचं नाव आणि खाली माणसांची नुसती वयं. आजोबा 1850 च्या आधीच गेले, त्यामुळे ते कुठे जन्मले हे त्यांच्या स्वतःच्या नावापुढे कुठेच नाही. 1890 चे तक्ते तर वॉशिंग्टनला 1921 मध्ये लागलेल्या आगीत आणि त्यानंतर बहुतेक सगळे गेले. जावईबापू त्यावर तासभर हळहळले, पण आपल्या कामाला त्याने फारसं बिघडत नव्हतं.

बिघडलं ते 1820 मध्ये. एकाच टाऊनशिपमध्ये त्याच नावाचे दोन कुटुंबप्रमुख. एकापुढे सीनियर, एकापुढे ज्युनियर. सीनियर 45 च्या वरचा, ज्युनियर आपला. मी बापलेक धरले. सीनियरला पुढे 1832 च्या कायद्याने युद्धाचं पेन्शन मिळालेलं, म्हणजे क्रांतियुद्धातला शिपाई. मला तर दिवाळीच वाटली. तुम्हा सगळ्यांना रात्री जेवताना उभं राहून सांगितलं होतं, आठवतं?

पण त्या काळी सीनियर-ज्युनियर म्हणजे बापलेकच असं नसे. गावात एका नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनियर, लहान तो ज्युनियर. मोठा वारला की धाकट्याला लोक सीनियर म्हणू लागत. आपल्या आळीत थोरले बापू आणि धाकटे बापू होते ना, एक जोशी आणि एक पवार? कुणी उद्या मतदारयादी बघून त्यांना बापलेक ठरवलं तर आपण हसू. मी तेच केलं.

इकडे परत आल्यावर चैन पडेना, म्हणून 1880 चे तक्ते पुन्हा काढले. त्या वर्षापासून प्रत्येकाच्या आईबापांची जन्मस्थळं विचारायला लागले. आजोबांची तीन मुलं 1880 मध्ये हयात होती. विहीणबाईंचे पणजोबा त्यातले धाकटे. त्यांच्यापुढे बापाचं जन्मस्थळ पेनसिल्व्हेनिया. मी तेवढ्यावर थांबलो होतो, कारण शिपाईही पेनसिल्व्हेनियाचाच होता. थोरल्या भावाच्या आणि बहिणीच्या घरी गेलोच नव्हतो. दोघांच्याही ओळीत लिहिलंय: आयर्लंड. उत्तर घरातल्या कुणी दिलं हे त्या तक्त्यांत कळत नाही, ती खूण 1940 मध्ये आली. धाकट्याच्या घरी दारात सून उभी असेल आणि तिने सुचेल ते सांगितलं असेल.

हा पहिला कागद. दुसऱ्याने माझी मान खाली घातली. सीनियर वारल्यावर त्याच्या जमिनीचं वाटणीपत्र झालं होतं. त्यात सगळे वारस नावानिशी आहेत, मुलींचे नवरेसुद्धा. आपले आजोबा त्यात नाहीत. ते तेव्हा हयात होते, चार मैलांवर राहत होते. आधीच हिस्सा घेऊन बाहेर पडले असतील, अशी पळवाट मी मनाशी काढून पाहिली. पण म्हाताऱ्याने त्यांना जमीन दिल्याचं खत विक्रेत्यांच्या सूचीत कुठेच नाही. अगं, वारस नोंद! फेरफाराला कुणी आलं की आधी वारस किती हे विचारायचं, हे मी नव्या पोरांना शिकवायचो.

आजोबांची जमीन बघायला ओहायोतल्या स्ट्युबेनव्हिलला घालवलेल्या दिवसांचं मात्र वाईट वाटून घेऊ नकोस, ते वाया गेले नाहीत. तिथली ओंडक्यांची जुनी जमीन कचेरी, आणि वर ईस्ट लिव्हरपूलजवळचा तो स्तंभ. 30 सप्टेंबर 1785 ला सरकारी मोजणीदार टॉमस हचिन्सने तिथून साखळी टाकायला सुरुवात केली आणि सहा मैल चौरस टाऊनशिप, त्यात 640 एकरांचे 36 सेक्शन, अशी त्या देशाची पहिली सरकारी मोजणी निघाली. मूळ बिंदू आता नदीच्या पाण्याखाली आहे. मी तिथे गप्प का उभा होतो असं तू विचारलं होतंस. त्यांची साखळी गुंटरची, 66 फुटांची. आपली शंकू साखळी बरोबर तिच्या निम्मी, 33 फूट, सोळा आणे. 33 गुणिले 33 म्हणजे आपला गुंठा. त्यांची साखळी गुणिले साखळी म्हणजे आपले चार गुंठे. दोन्हीकडे एकर तोच, 40 गुंठ्यांचा. ज्या मापाने मी खटाव-माणच्या माळावर उन्हात फिरलो, त्याच घराण्यातल्या मापाने त्यांनी ते जंगल कापलं होतं. एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकली आणि आता जास्त खटकते. त्यांच्या खात्यात पहिली नोंदच सरकारची. डेलावेअर, वायंडॉट, शॉनी हे लोक तिथे राहत होते, त्यांच्याशी तह झाले, काहींनी ते मानलेही नाहीत. पण सातबाऱ्यावर म्हणावी तशी त्यांची ओळच नाही.

पहिल्या दिवशी मी तुम्हाला भलत्याच शेतात उभं केलं होतं, तेही आता उलगडलं. आजोबांची जमीन सेक्शन 36 मधली. 1796 नंतरच्या पद्धतीत क्रमांक ईशान्येकडून सुरू होऊन नागमोडी जातात, म्हणून 36 आग्नेयेला पडतो. पण तो भाग आधी मोजलेला, तिथे सुरुवात आग्नेयेकडून आणि 36 थेट वायव्येला. म्हणून त्या शेतकऱ्याच्या कुत्र्याने आपल्याला हाकललं ते न्याय्यच होतं.

आता खरं सांगायचं ते. सरकारने आजोबांना दिलेली जमिनीची सनद मी पुन्हा वाचली. 1800 च्या कायद्याने जमीन उधारीवर मिळे, एकराला किमान दोन डॉलर, चार वर्षांत हप्ते. 1804 पासून पाव सेक्शन, 160 एकरही विकत घेता येऊ लागला. म्हणजे 320 डॉलर. सनद यायची ती शेवटचा हप्ता फिटल्यावर, त्यामुळे तिच्यावरची तारीख म्हणजे माणूस तिथे आला ती तारीख नव्हे. आपल्या सनदेवर अध्यक्ष मन्रोंची सही आहे (1833 पर्यंत अध्यक्षच सह्या करत), आणि मी सहीकडेच बघत बसलो. नावाच्या आधी एक लहानशी ओळ आहे: ही जमीन मुळात दुसऱ्याने घेतली होती आणि त्याने आपला हक्क आजोबांच्या नावे केला. त्या दुसऱ्याचं आडनाव ओळखीचं वाटलं. तेच आडनाव आजोबांच्या दुसऱ्या मुलाचं मधलं नाव आहे. तिकडे आईच्या माहेरचं आडनाव असं मुलाला देण्याची चाल होती.

हा अंदाज आहे, पुरावा नाही. एकदा तोंड पोळलंय. पण त्या धाग्याने मी पुढच्या खरेदीखतापर्यंत गेलो. आजोबांनी 1830 नंतर त्यातले 80 एकर विकले. नवऱ्यामागे विधवेला जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्यावर हयातभर हक्क असे, म्हणून विकताना तिची संमती लागे, आणि न्यायाधीश तिला नवऱ्यापासून वेगळं नेऊन विचारत: तुझ्यावर जबरदस्ती तर नाही ना? ते सगळं खताच्या शेवटी लिहिलंय. तीन शिरगणत्यांत ती बाई नुसती एक आकडा होती. इथे तिचं नाव आहे, आणि नावाच्या मधोमध फुली. फुलीच्या वर 'तिची' आणि खाली 'खूण' असं कारकुनाने लिहिलंय. आपल्याकडे डाव्या हाताचा अंगठा असतो तसं.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. पानाचा फोटो सोबत पाठवलाय, तो विहीणबाईंना तूच वाचून दाखव. अक्षर तिरपं आहे, पण तिसऱ्या ओळीपासून सवय होते. शिपाई गेल्याचं मात्र आधी सांग, नंतर नको. पुढचं काम पेनसिल्व्हेनियातल्या वॉशिंग्टन काउंटीच्या कोर्टात आहे: सनदेत त्या आडनावाच्या माणसाचं गाव तेच दिलंय. तुमच्यापासून तासाभराचा रस्ता. त्याच्या बापाचं मृत्युपत्र शोध, मुलींची नावं बघ. आणि कृपा करून, त्याच नावाचे किती जण आहेत ते आधी मोज.

चौकटीतला कागद काढ, चौकट राहू दे. जावईबापूंवर चिडू नकोस. सीनियर-ज्युनियरबद्दल ते त्या रात्री काहीतरी सांगू पाहत होते, मीच त्यांना बोलू दिलं नाही.

तुझा,
बाबा